खापर थंडीवर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरल्यापासून आलेल्या पत्रांत एक वाक्य सारखं भेटतं : ‘थंडीमुळं होत असेल काय?’ पीठ फुगत नाही, कोथिंबीर उगवत नाही, वडीचा दगड होतो, भिंतीचे पोपडे पडतात, आणि सगळ्याचं खापर थंडीवर. बेळगावची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १३-१४ अंशांवर येतो आणि दुपारी परत २८-२९ वर चढतो. एवढ्यानं अडणारी कामं थोडी. बाकीच्या ठिकाणी चूक दुसरीकडंच असते, ती कुठं ते पाहू.

प्रश्न : उन्हाळ्यात सहा-सात तासांत दुप्पट होणारं इडलीचं पीठ आता रात्रभर ठेवलं तरी जागचं हलत नाही. सोडा घातला तर इडली पिवळट पडते आणि साबणासारखी लागते. दहीसुद्धा सकाळी दुधासारखंच असतं. (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : थंडीचा खरा दोष आहे अशी ही जवळजवळ एकच तक्रार, म्हणून आधी घेतली. पीठ आंबवणाऱ्या जंतूंना २८ ते ३२ अंशांची ऊब लागते. रात्री स्वयंपाकघर २० च्या खाली जातं, कडप्प्याचा ओटा त्याहून गार, आणि त्यावर स्टीलचं पातेलं. पीठ पहाटेपर्यंत गारठून जातं. तरीही आमच्या मते गार पिठापेक्षा पातळ पिठानं जास्त इडल्या बिघडतात. पातळ पिठात तयार झालेला वायू टिकत नाही, वर येऊन निघून जातो.

४ वाट्या इडलीचा तांदूळ, १ वाटी सालीविना अख्खे उडीद आणि १ चमचा मेथी घ्या. उडीद-मेथी ४ ते ५ तास भिजवून आधी वाटा. मिक्सर असेल तर उडदाला गारच पाणी वापरा, कारण पात्याखाली पीठ तापतं आणि तापलं की चिकट होऊन बसतं. वाटलेल्या उडदाचा थेंब वाटीभर पाण्यात टाका. तरंगला तर उडीद जमला. बुडाला तर अजून वाटा, किंवा डाळ जुनी आहे असं समजा. कोमट पाणी घालायचं ते तांदूळ वाटताना. मग दोन्ही एकत्र करून हातानं दोन-तीन मिनिटं चांगलं फेटा. मीठ आंबण्याचा वेग थोडा कमी करतं, म्हणून या दिवसांत ते सकाळी घाला. पातेलं निम्मंच भरा, झाकण घट्ट लावू नका. मोठ्या डेचकीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी ओतून त्यात पातेलं ठेवा, वरून जाड कापड घाला. १२ ते १४ तास द्या. रात्री आठला वाटलं तर सकाळी आठ-दहाला इडली. सहा वाजता डबा भरायचा असेल तर दुपारीच वाटावं लागेल, याला सोडा हा उपाय नाही.

दह्याला याहून जास्त ऊब लागते, ४३ ते ४५ अंश. तापलेल्या दुधात करंगळी घालून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, पण दहाव्या आकड्याला ऊब चांगली जाणवली पाहिजे. लिटरभर दुधाला उन्हाळ्यात १ चमचा विरजण पुरतं, आता २ घ्या आणि ते फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढा. डबा तांदळाच्या पिंपात निम्मा पुरून ठेवला की ७-८ तासांत लागतं. मध्ये उघडून, हलवून बघू नका. दह्याला तार सुटत असेल तर मात्र ऊब वाढवून उपयोग नाही. विरजणात नको ते जंतू वाढलेत. शेजारून नवं विरजण आणा.

प्रश्न : परड्यात दोन वाफे केले. मेथी चार दिवसांत वर आली, कोथिंबीर पंधरा दिवस झाले तरी नाही. धणे घरच्याच डब्यातले, चांगले टपोरे होते. (येळ्ळूर)

उत्तर : डब्यातले धणे हाच बहुतेक घोटाळा. मसाल्याचे धणे किती जुने असतात ते दुकानदारालाही ठाऊक नसतं आणि काही वेळा ते वास यावा म्हणून शेकलेले असतात. २० धणे ओल्या फडक्यात गुंडाळून दहा दिवस ठेवा. १२-१४ ना मोड आले तर पेरा, नाहीतर बियाण्याचे आणा.

दुसरं कारण : धणा म्हणजे एक बी नव्हे, एका टरफलात दोन बिया असतात. अख्खा पेरला तर पाणी आत शिरायला वेळ लागतो. फरशीवर पसरून त्यावर चप्पल किंवा लाटणं हलक्या हातानं फिरवा. दोन दळं सुटी झाली पाहिजेत, भुगा नको. मग १२ तास भिजवून सावलीत तासभर सुकवा आणि एक-दीड सेंटिमीटरच खोल पेरा. थंडीच्या दिवसांत ८ ते १४ दिवस लागणारच, तेव्हा मेथीशी तुलना करू नका. मेथी घाईची, कोथिंबीर सवडीची.

तुमच्या बाजूची माती काळी. पाणी दिल्यावर तिच्यावर पापुद्रा धरतो आणि कोवळा कोंब त्याखालीच अडतो. बी टाकल्यावर वर मातीऐवजी चाळलेलं जुनं शेणखत बोटाच्या एका पेराएवढंही नको, अर्ध्या पेराएवढं पसरा. झारीनं रोज सकाळी थोडं पाणी द्या. संध्याकाळी पाणी दिलं तर वाफा रात्रभर ओला राहतो आणि दाट पेरणीत रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. आणखी एक : मुंग्या. पेरलेलं बी रातोरात उचलून नेतात, आणि आपण बियाण्याला नावं ठेवतो. वाफ्याच्या कडेनं राखेची रेघ ओढून ठेवा, ओली झाली की नवी ओढा.

मेथी २५ दिवसांत उपटा, कोथिंबीर ४० दिवसांत. दर बारा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर मात्र कोथिंबीर पेरू नका. ऊन वाढलं की ती पानं सोडून फुलावर येते.

प्रश्न : उचगावच्या पाव्हण्यांनी पोतंभर रताळी दिली. अर्धी कुजली, म्हणून उरलेली फ्रिजमध्ये ठेवली, तर ती उकडूनही मधे कडक राहतात. (निपाणी)

उत्तर : फ्रिजमुळंच. रताळं उष्ण मुलखातलं कंद आहे. १०-१२ अंशांच्या खाली काही दिवस राहिलं की त्याचा गाभा कडक होतो, मग कुकरच्या दहा शिट्ट्यांनीही तो मऊ पडत नाही. फ्रिजमधली परत दुरुस्त होणार नाहीत, ती किसून थालीपिठात घाला.

कुजली ती बहुधा धुतल्यामुळं किंवा पोत्यातच राहिल्यामुळं. रताळी धुऊन ठेवायची नाहीत, माती हातानं झाडायची. कुदळीचा घाव लागलेली वेगळी काढून पहिल्या आठवड्यात संपवायची. बाकीची उबदार, सावलीच्या जागी पोत्याखाली पाच-सहा दिवस पसरून ठेवा. तेवढ्यात सालीवरचे ओरखडे भरून येतात. मग बुट्टीत कोरडी वाळू किंवा वर्तमानपत्र घालून एकावर एक थर लावा. दीड-दोन महिने टिकतात आणि गोडही होतात.

गोडीचं म्हणाल तर कुकर हा रताळ्याचा वैरी. पिष्टाची साखर होते ती कंद ६० ते ७५ अंशांतून हळूहळू जाताना. कुकरात तो टप्पा काही मिनिटांत निघून जातो. चुलीच्या गरम राखेत तासभर पुरून भाजलेलं रताळं म्हणूनच जास्त गोड लागतं. गॅसवर करायचं तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर ४० मिनिटं. एखादं कडू लागलं किंवा आत भुंग्यानं केलेली काळी भोकं दिसली तर तेवढाच भाग कापून खाऊ नका, आख्खं टाका, जनावरालाही घालू नका. किडीनं पोखरलेल्या रताळ्यात तयार होणारी द्रव्यं विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत.

प्रश्न : न्हाणीत गॅसचा गीझर बसवलाय. थंडी म्हणून खिडकी बंद ठेवतो. मुलाला आंघोळ करून आल्यावर दोनदा डोकं दुखलं, मळमळलं. थंड हवा बाधत असेल काय? विजेचा बसवावा तर बिल फार येईल असं घरात म्हणतात. (संकेश्वर)

उत्तर : हे उत्तर वाचून होईपर्यंत गीझर वापरू नका. थंड हवा बाधलेली नाही, कार्बन मोनॉक्साइड बाधलाय. बंद खोलीत गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन कमी पडतो, ज्वाला अर्धवट जळते आणि हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होणं, मळमळ, पायांतलं बळ जाणं आणि मग शुद्ध हरपणं, असा त्याचा क्रम. न्हाणी लहान, कडी आतून लावलेली, त्यामुळं बाहेरच्यांना पत्ताही लागत नाही. पुन्हा कुणाला असं झालं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गीझर बंद करा आणि डॉक्टरांना ‘गॅस गीझर’ हे दोन शब्द आवर्जून सांगा. नाहीतर पित्ताच्या गोळीवर भागवलं जातं.

गॅसचा गीझर न्हाणीच्या आत बसवायचाच नाही. बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोसा असलेल्या उघड्या जागी तो बसवा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्या. सिलिंडरही बाहेरच. हे होईपर्यंत दार-खिडकी उघडी टाकून बादली भरा, गीझर बंद करा, पाच मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. ज्वाला निळी असावी. पिवळी दिसू लागली, भांड्यावर काजळी धरू लागली की माणूस बोलावून बर्नर साफ करून घ्या. एक्झॉस्ट पंखा असला म्हणजे झालं असं नव्हे. बाहेरून आत हवा यायला खाली झडप नसेल तर पंखा ओढणार काय?

तांब्याच्या बंबाला हाच नियम. जुन्या घरांत बंब न्हाणीच्या बाहेर, पडवीत पेटवायचे ते उगाच नव्हे. निखारे लाल झाले, धूर संपला म्हणजे धोका संपला असं वाटतं, पण वायू निखाऱ्यांतूनच येत असतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं लावून घेण्याची रीत अजून काही घरांत आहे, ती मोडा.

आता बिलाचं. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १८-२० मिनिटं घेतो, म्हणजे साधारण ०.६ ते ०.७ युनिट. ५५ अंशांचं १५ लिटर आणि नळाचं २० अंशांचं १५ लिटर मिळून आंघोळीजोगं ३० लिटर पाणी होतं. हिशेब तुम्हीच मांडा. बिल फुगतं ते गीझर तासन्‌तास चालू ठेवल्यानं किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर चढल्यानं. पूर्वी वीस मिनिटं लागत, आता चाळीस लागतात, शिवाय आतून केटलीसारखा कुरकुर आवाज येतो, असं असेल तर क्षारच. कॉइल काढून साफ करून घ्या, आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. टाकीऐवजी गंजण्याचं काम ती कांडी करत असते. अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करू नका.

प्रश्न : जुनं घर, जांभ्या दगडाचं, मातीत बांधलेलं. दर वर्षी दिवाळीला रंग देतो आणि संक्रांतीपर्यंत खालच्या तीन फुटांतला रंग फुगून पोपडे पडतात, पांढरी भुकटी सुटते. थंडीत रंग धरत नाही म्हणतात ते खरं का? (खानापूर)

उत्तर : रंग धरत नाही कारण भिंत ओली आहे. खानापूरचा पाऊस चार महिने भिंतीत मुरतो, आणि तुम्ही दिवाळीला, म्हणजे पाऊस उघडून महिनाही झाला नसताना, तिचं तोंड बंद करता. थंडीच्या कोरड्या हवेत आतली ओल बाहेर यायला बघते. येताना दगड-मातीतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागापाशी खड्यांसारखे वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. थंडीला दोष द्यायचा तर एवढाच, की ती चूक उघडी पाडते.

ओल कुठून येते ते आधी ठरवा. फक्त खालच्या तीन फुटांत असेल तर जमिनीतून चढतेय. वरून खाली ओघळ असेल तर कौलं, पन्हळ किंवा गच्ची. एकाच जागी गोल डाग असेल तर नळ. तुमच्या वर्णनावरून पहिलं कारण दिसतं. बाहेरून बघा : बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं अंगणात माती-मुरूम पडून बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या वर आलेली असते. ती उकरून फरशीच्या किमान १५ सेंटिमीटर खाली न्या आणि भिंतीपासून दूर उतार काढा, दर मीटरला अडीच सेंटिमीटर तरी. तुळशीचं, फुलझाडांचं आळं भिंतीला लागून असेल तर ते हलवा. निम्मा लोणा या फावड्याच्या कामानंच थांबतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. म्हणूनच बहुधा ते कुणी सुचवत नाही.

आत : पोपडे, सुटलेला गिलावा खरवडून काढा. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्यानं धुतलीत तर क्षार विरघळून परत भिंतीत जातील. मग भिंत उघडीच ठेवा. जानेवारी संपेपर्यंत खिडक्या दुपारी उघड्या टाका. वाळली का ते बघायला हातभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर अजून थांबा. आठवड्यानं परत लावा.

गिलाव्याची डागडुजी सिमेंटनं करू नका. सिमेंट ओल अडवतं, आणि मग ती तीन फुटांऐवजी पाच फुटांवर फुटते. चुना-वाळू १ : ३ वापरा. वर ऑइलपेंट, पुट्टी, ‘वॉटरप्रूफ’ काही नको. मातीतल्या बांधकामाला चुन्याची सफेदीच सोसते, कारण तिच्यातून भिंत श्वास घेते.

सफेदीसाठी कळीचा चुना १ किलोला ५ लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुना थोडा थोडा. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडतो. प्लास्टिकची बादली उष्णतेनं मऊ पडते. डोळ्याला चष्मा हवा, पोरंबाळं लांब हवीत. २४ तास मुरू द्या, दोन दिवस मुरला तर आणखी चांगलं. कापडातून गाळा. दर लिटरला ४ ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा, चिमूटभर नीळ घाला. भिंतीवर पाण्याचा हलका हबका मारून दुधासारखा पातळ हात द्या. ओला असताना काहीच पांढरं दिसत नाही, वाळल्यावर दिसतं. इथंच गडी घाई करतो आणि दाट हात मारतो. दाट चुना वाळून भुकटी होतो आणि पाठ टेकली की सदऱ्याला लागतो. तीन पातळ हात, एक उभा, एक आडवा, परत उभा, प्रत्येकात एक दिवसाचं अंतर. भिंतीवर जुना डिस्टेंपर उरला असेल तर तो पुरता खरवडल्याशिवाय चुना धरणार नाही.

प्रश्न : आजीच्या हातची वाकळ फाटली. तशी नवी शिवायची आहे. किती लुगडी लागतील, आणि शिवताना मधे फुगे येतात त्याला काय करावं? सिंथेटिक साड्या घातल्या तर चालतील का? (हुक्केरी)

उत्तर : चालणार नाहीत, हे शेवटचं आधी सांगतो. नायलॉन-पॉलिस्टर साडी सुती कापडावर घसरते, टाके ओढले जातात, घाम शोषत नाही. वरच्या थराला एखादी रंगासाठी घालावी वाटली तर काठाची पट्टी तेवढी लावा. कापड जुनं, बऱ्याच धुण्यांतून निघालेलं सुतीच हवं. नवं घेणार असाल तर आधी दोनदा धुवा. नवं कापड आटतं, जुनं आटत नाही, आणि पहिल्या धुण्यात वाकळ चुरगळून बसते.

५ फूट बाय ७ फुटांच्या एकट्या माणसाच्या वाकळेचा हिशेब असा. साडेपाच मीटरच्या साडीचे १६० सेंटिमीटरचे तीन तुकडे होतात, वर ७० सेंटिमीटर उरतं. साडीचा पन्हा साधारण ११४ सेंटिमीटर, म्हणून दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की एक थर. म्हणजे एका साडीत दीड थर. बेळगावच्या थंडीला सहा थर पुरतात : चार साड्या. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या वर असेल तर त्यात पाच तुकडे, अडीच थर बसतात. दोन लुगडी आणि एक साडी पुरे. आठ-दहा थर केले तर ऊब फार वाढत नाही, वजन वाढतं. ऊब कापडाची नसते, थरांत अडकलेल्या हवेची असते. म्हणूनच टाके फार घट्ट ओढू नयेत. थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर मधोमध दोरखंडासारखी गाठ पाठीला टोचते.

फुगे येतात ते थर आधी बांधून न घेतल्यानं. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर खालचा थर पसरून चारी कोपऱ्यांना वरवंटे, तांबे काहीतरी वजन ठेवा. प्रत्येक थर टाकला की मधून बाहेर हात फिरवून सुरकुती काढा. सहावा टाकून झाला की वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला, मधून सुरू करून कडांकडं. हा अर्धा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो टाळला तर पुढचे पंधरा दिवस वाया जातात.

मग पक्की शिलाई. दाभण नको, त्याचं भोक मोठं राहतं; मोठ्या नाकाची लांब सुई आणि जाड सुती दोरा घ्या. दोरा मेणावर एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. हातभरापेक्षा लांब दोरा ओवू नका. साधा धावदोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. अशा ७५ च्या आसपास ओळी होतात आणि टाक्यांची आत-बाहेर धरून २०० मीटर दोरा लागतो. ओळी एका कडेनं दुसऱ्या कडेकडं नेल्या तर कापड पुढं पुढं सरकत जातं आणि शेवटच्या कडेला फुगा उरतो. त्याऐवजी कडेकडेनं चौकोनी फेरे मारत आत या, मध्यावर संपवा. हुक्केरीच्या बाजारात कन्नडमध्ये जिला ‘कौदी’ म्हणतात ती बहुधा अशीच असते. खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकाही कडेपासून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेले रंगीत तुकडे लावतात, त्याला त्या ‘फुला’ म्हणतात. नुसतं सजवणं नव्हे ते : कोपरा धरून झटकताना तोच आधी फाटतो, तिथं चार थर जादा असलेले बरे.

धुताना मशीनमध्ये घालू नका. कोमट पाण्यात भिजवून पायानं तुडवा, पिळू नका, निथळत ठेवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. आत ओल राहिली तर वास येतो.

प्रश्न : तिळाच्या वड्या कधी दगड होतात, कधी भुगा. माप तेच असतं. (निपाणी)

उत्तर : माप तेच, गूळ तोच का? चिक्कीचा गूळ कडक होण्यासाठीच असतो. मऊ वडीला साधा पिवळा गूळ घ्या. २५० ग्रॅम भाजलेले तीळ, २५० ग्रॅम चिरलेला गूळ, ७५ ग्रॅम दाण्याचं कूट, १ चमचा तूप, २ चमचे पाणी. गूळ मंद आचेवर विरघळला, फेसाळला की थेंब गार पाण्यात टाकून बघा. बोटांत मऊ गोळी झाली की गॅस बंद, लगेच तीळ-कूट. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा, वडीचा भुगा होणार. थेंब ताटलीवर टण्‌कन वाजला तर तो चिक्कीचा पाक, मग दात सांभाळा. गोळी आणि टण्‌ यांच्यात मिनिटभराचंच अंतर असतं, तेव्हा फोन वाजला तरी उचलू नका. तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच सुरीनं रेघा पाडा. भुगा झालेला परत कढईत चमचाभर पाणी घालून तापवता येतो. दगड झालेला खलबत्त्यात कुटून पोळीच्या सारणात घाला.

प्रश्न : नवा बासमती तांदूळ आणला. वास घरभर, पण भाताचा गोळा होतो. (अनगोळ, बेळगाव)

उत्तर : नव्या तांदळात ओल जास्त आणि दाणा कोवळा, म्हणून जुन्याच्या मापानं पाणी घातलं की गिच्च. जुन्याला वाटीला दोन वाट्या पाणी लागत असेल तर नव्याला दीड घाला. धुऊन दहा मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नका. सगळ्यांत चांगलं म्हणजे भरपूर उकळत्या पाण्यात सोडून, दाणा नव्वद टक्के शिजला की वेळून काढा. ती पेज फेकू नका, मीठ-जिरं घालून प्या. पोतं उरत असेल तर वर्षभर ठेवा, मग तो मोकळा होईल. मात्र वास थोडा उतरेल.

प्रश्न : खोबरेल तेल गोठलं, म्हणजे त्यात भेसळ आहे का? (बेळगाव)

उत्तर : नाही. शुद्ध खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतंच. पहाटेसुद्धा पातळ राहिलं तर विचारा.

प्रश्न : ओल्या हळदीचं लोणचं आठ दिवसांत वर पांढरं धरतं. (रायबाग)

उत्तर : तुमच्याकडं हळदीचीच शेती, तेव्हा हळद ताजी असणार, पाणी राहतं ते धुतल्यावर. हळद धुऊन, पुसून, सोलण्याआधी दोन तास पंख्याखाली ठेवा, सोलल्यावर परत धुऊ नका. २५० ग्रॅम हळदीचे काडीसारखे तुकडे, ५० ग्रॅम आलं, ४० ग्रॅम मीठ, ६ लिंबांचा रस, २ मोठे चमचे मोहरीची भरड. मीठ आणि रस लावून रात्रभर ठेवा. सकाळी १०० मिलिलिटर तेल धूर येईपर्यंत तापवून, पूर्ण गार करून वरून ओता. गरम तेल ओतलं तर बरणीच्या गळ्याला वाफ धरते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. तुकडे तेलाखाली बुडालेले असावेत, चमचा कोरडा. सोलायच्या आधी हाताला तेल चोळलं नाही तर बोटं चार दिवस पिवळी राहतात.